पूर्णवेळ ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यांनो, कमाईचा ग्राफ सतत खालीच जात असताना दिवस कसे काढता?

गुलामाची_जोडी

मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहायची वेळ आली. नोकरी सोडून पूर्णवेळ खेळायला लागलो त्याला वर्ष होत आलंय. कॅश गेम (टूर्नामेंट नाही, सरळ पैशांवर), सहा जणांचं टेबल, छोटे स्टेक्स (लहान रकमा), एका वेळी चार टेबलं. सुरुवातीचे महिने असे गेले की आपल्याला खेळ कळला असंच वाटायला लागलं, आणि आता गेल्या साठेक हजार हातांत (डावांत) चोवीस बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची पूर्ण रक्कम) खाली आहे. साठ हजार म्हणजे थोडे नाहीत ना राव, एवढ्यात नशीब सरळ व्हायला नको का?

कालचंच सांगतो. हातात लाल एक्के, प्रीफ्लॉपलाच, म्हणजे टेबलावर पत्ते पडायच्या आधीच, सगळे पैसे आत, समोरच्याने काळे राजे दाखवले. फ्लॉप (पहिले तीन सामाईक पत्ते) कोरडा, टर्न (चौथा) कोरडा, रिव्हरला (शेवटच्या पत्त्याला) चौकटचा राजा. गंमत म्हणजे मी चिडलोसुद्धा नाही. दुसऱ्या टेबलावर माझी पाळी आलेली, घड्याळ पळत होतं, तिथे फोल्ड केलं (पत्ते टाकले) आणि मग लक्षात आलं की आत्ता फोल्ड केलेल्या हातात काय होतं तेच मला आठवत नाहीये. पैसे गेल्यापेक्षा हे जास्त टोचतंय.

रोजचं जगणं तर वेगळंच. हौशी लोक संध्याकाळी आणि रविवारी खेळायला येतात, त्यामुळे जग मोकळं असतं तेव्हाच माझी ड्युटी. मित्र आधी बोलवायचे, आता विचारतही नाहीत. झोपायला पहाट होते, जिंकलो तरी झोप नाही आणि हरलो तरी नाही. कोणी काय करतोस विचारलं की ‘ऑनलाइन काम’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. एखाद्या दिवशी मनासारखा खेळतो आणि पैसे जातात, एखाद्या दिवशी गाढवासारखा खेळून पैसे येतात, मग दिवस बरा गेला की वाईट हे ठरवायचं कशावरून?

तर हे नशीब आहे की मला खेळताच येत नाही, कसं ओळखायचं? आणि जे वर्षानुवर्षं यावर जगतायत ते असे महिने काढतात कसे?

शेवटचा_पत्ता

आधी गणित. सिक्स-मॅक्स (सहा जणांच्या) होल्डममध्ये दर शंभर हातांमागे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे निकालाचा सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, साधारण ९० बिग ब्लाइंड (सक्तीची मोठी पैज, अशा शंभर म्हणजे एक बाय-इन) धर. कोणाचं ८० असतं कोणाचं १००, खेळायच्या पद्धतीवर आहे. साठ हजार हात म्हणजे शंभराचे ६०० गठ्ठे, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस, गुणिले ९०, म्हणजे सुमारे २२०० बिग ब्लाइंड. बावीस बाय-इनचा झोका हा नुसता एक डेव्हिएशन झाला, जगावेगळं काही नाही. तू २४०० खाली आहेस, शंभर हातांमागे उणे ४. यावरून तुझ्या खऱ्या विनरेटबद्दल (शंभर हातांमागच्या कमाईबद्दल) एवढंच म्हणता येतं की तो उणे ११ ते अधिक ३ च्या मधे कुठेतरी असावा. म्हणजे तू भंगार खेळत असशील किंवा बऱ्यापैकी जिंकणारा असशील, दोन्ही शक्य आहे भावा. साठ हजार हात तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीत.

आता एक खरोखर चांगला खेळाडू घे, शंभर हातांमागे ५ कमावणारा. दहा हजार हातांत त्याची अपेक्षित कमाई ५०० आणि डेव्हिएशन ९००. म्हणजे त्याचे दहा-दहा हजारांचे तुकडे पाडले तर जवळपास तीस टक्के तुकड्यांत तो तोट्यातच दिसणार. लाख हात खेळूनही तोट्यात असणारे चांगले खेळाडू असतात, कमी पण असतात.

एक्के विरुद्ध राजे हा ८२-१८ चा मामला, साडेपाचात एकदा हरायचंच. एक्के २२१ हातांत एकदा येतात आणि चार टेबलांवर तासाला अडीचशे-तीनशे हात पडतात, म्हणजे सरासरी तासाला एकदा येणारच ते. कार्डरूममध्ये बसून खेळणाऱ्याला तासाला पंचवीस-तीसच हात मिळतात. त्याला साठ हजार हात व्हायला वर्ष लागतं, तुला दीड-दोन महिने. त्याचं अख्खं वाईट वर्ष तुझ्या एवढ्याशा काळात कोंबलेलं आहे, डोकं बधिर नाही झालं तर नवल.

ट्रॅकर (हातांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) उघड आणि ऑल-इन ईव्हीचा आकडा, म्हणजे सगळे पैसे आत गेल्यावरचं नशीब वगळून होणारी कमाई, टाक इथे. रिव्हरला राजा लागला याची कहाणी नको.

सरळसाधा

एवढा हिशोब करून शेवटी उत्तर काय, तर ‘सांगता येत नाही’. यालाच आम्ही जुगार म्हणतो.

आणि एक बोचरं विचारतो, राग मानू नकोस. तू जिंकतोस तेव्हा पैसे येतात कुठून? रविवारी ‘खेळायला येणाऱ्या’ त्या हौशी लोकांचेच ना?

जुना_रेग

हो सरळसाधा, त्यांचेच. पोकरमध्ये पैसा तयार होत नाही, एकाचा दुसऱ्याकडे जातो आणि मधे साइट आपला रेक (डावातल्या पैशांतला वाटा) कापते, म्हणून तर खेळणारे बहुतेक जण शेवटी तोट्यातच असतात. हे पचत नसेल त्याने यात पडू नये, मला मान्य आहे. मी स्वतःपुरता नियम ठेवलाय, कोणी हरून लागोपाठ रिलोड करत (नवे पैसे टाकत) चॅटमध्ये शिव्या घालायला लागला की मी त्या टेबलावरून उठतो. बाकीचे रेग (नेहमीचे खेळाडू) यावरून हसतात मला, कारण तोच तर सगळ्यात फायद्याचा माणूस. हसू देत.

आता गुलाम, तुझ्यासाठी. घसरणीत ग्राफपेक्षा बँकरोल (खेळायचं भांडवल) जोरात पडतो हे लक्षात आलंय का? कारण घरखर्चही त्यातूनच निघतो. चोवीस बाय-इन पत्त्यांत गेले आणि वरून दोन महिन्यांचा खर्च काढलास तर तू चोवीस नाही, तीस-बत्तीस खाली आहेस, आणि मग स्टेक खाली आणावा लागतो, कमाई अजून घटते, खर्च तेवढाच. चांगले खेळाडूसुद्धा यातच संपतात, खेळ वाईट म्हणून नाही. सहा महिन्यांचा खर्च पोकरच्या पैशाला हात न लावता बाजूला असला पाहिजे आणि स्वतःला ठरलेला पगार द्यायचा. मोठा महिना आला म्हणून जास्त काढायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं पण मोठ्या महिन्यानंतर हात शिवशिवतातच.

सगळे पैसे एकाच साइटवर ठेवू नकोस हे पण सांगतो, नव्या पोरांना २०११ माहीत नसतं. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने मोठ्या साइट्सचे डोमेन ताब्यात घेतले आणि एका रात्रीत कित्येकांचा धंदा बसला. त्यातल्या फुल टिल्ट या साइटवर ज्या अमेरिकी खेळाडूंचे पैसे अडकले त्यांना ते परत मिळायला सुरुवात व्हायला २०१४ उजाडलं. स्क्रीनवर आकडा दिसत होता, हातात काही नाही.

बाकी २००३ ला क्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन सॅटेलाइट (मोठ्या स्पर्धेत प्रवेश देणारी छोटी टूर्नामेंट) जिंकून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला गेला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन आला, त्यानंतर जो लोंढा आला त्यात कोणीही जरा धीराने खेळला तरी जिंकायचा. ते दिवस गेले. २०१७ मध्ये लिब्राटस या प्रोग्रामने चार प्रो खेळाडूंना हेड्सअपमध्ये (एकास एक) १ लाख २० हजार हातांत सपशेल हरवलं, आणि आता छोट्या स्टेकवरचा पोरगासुद्धा सॉल्व्हर (अचूक खेळी काढून देणारा प्रोग्राम) घोकून येतो. तेव्हाच्या लोकांचे विनरेट वाचून स्वतःला जोखू नकोस.

टेबलापलीकडची

मी खेळत नाही, नवरा खेळतो, त्यामुळे पलीकडून बघितलेलं लिहिते.

मला आता बंद दाराबाहेरून कळतं काय चाललंय ते. माऊसचे क्लिक एका लयीत चालू असले की ठीक. मधेच लांब शांतता आणि मग एकच जोरात क्लिक, म्हणजे मोठा पॉट (डावात जमलेले पैसे) गेला. आधी मी जेवताना ‘आज कसं झालं’ विचारायचे, उत्तर म्हणजे एक आकडा, आणि हळूहळू त्या आकड्यावर माझा पण मूड ठरायला लागला, मी तर एक पत्तासुद्धा बघितलेला नसायचा! मग आम्ही ठरवलं की आकडा महिन्याच्या शेवटी एकदाच, दोघांनी मिळून बघायचा, मधे काही नाही. हरलेलं पण नाही आणि जिंकलेलं पण नाही. त्याला हरलेलं न सांगणं लगेच जमलं, जिंकलेलं पोटात ठेवणं फार जड गेलं, दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होता नुसता :)

आणि त्रास हरलेल्या रात्रीचा कमी असतो, ‘अजून एक राउंड’ चा जास्त. त्यातल्या त्यात कॅश गेम बरा, उठायचं तेव्हा उठता येतं. टूर्नामेंट असली की अर्ध्या तासात बाहेर पडेल की पहाटे फायनल टेबलवर असेल हे देवालाही माहीत नसतं, त्या दिवशी मी त्याला धरून काही ठरवतच नाही. इतरांकडे जायचं असेल तर मी एकटी जाते, आला तर आला.

तुमचं ते ‘ऑनलाइन काम’ वाचून जरा खटकलं. बाहेरच्यांना काहीही सांगा हो, पण घरी माहीत आहे ना? उधारी, लपवाछपवी, गेलेले पैसे भरून काढायला वरच्या स्टेकवर उडी, यातलं एक जरी चालू असेल तर ट्रॅकर वगैरे राहू द्या, आधी खेळ थांबवा आणि घरी बोला, नाहीतर व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या एखाद्या समुपदेशकाशी बोला.

गुलामाची_जोडी

ताई, घरी सगळं माहीत आहे, उधारी नाही, खर्चाचे पैसे पण वेगळे आहेत. पण महिन्यातून एकदाच आकडा हे मी आजपासून करतोय, मी तर जेवता जेवता फोनवर ग्राफ बघतो.

शेवटचा_पत्ता, ईव्हीचा आकडा काढला. शंभर हातांमागे उणे अर्धा. म्हणजे ऑल-इनमधलं नशीब बाजूला काढलं तर मी जवळपास बरोबरीत आहे. पण खरी गोष्ट पुढेच आहे, त्याच्या शेजारी रेकचा कॉलम होता जो मी आजवर कधी उघडलाच नव्हता. शंभर हातांमागे जवळजवळ ७ बिग ब्लाइंड!! म्हणजे टेबलावरच्या लोकांकडून मी साडेसहा जिंकतोय आणि साइट सात घेऊन जातेय? आणि मी इकडे झोप, टिल्ट (चिडून खेळणं), ध्यानधारणा यावर डोकं आपटतोय.

मग स्टेक वाढवला तर रेक कमी बसेल ना?

सरळसाधा

म्हणजे तिकडे कॅसिनो जिंकतो आणि इकडे साइट जिंकते. फरक काय मग :)

शेवटचा_पत्ता

@सरळसाधा, फरक एवढाच की इथे साइटला तू जिंकतोस की मी याच्याशी घेणंदेणं नाही, दोघांकडून कापून मोकळी.

@गुलाम, आधी एक, साडेसहा जिंकतोय म्हणून नाचू नकोस. ईव्हीचा आकडा फक्त सगळे पैसे आत गेल्यानंतर पडणाऱ्या पत्त्यांचं नशीब सरळ करतो. सेटवर (तीन सारख्या पत्त्यांवर) मोठा सेट मिळणं, राजे घेऊन एक्क्यांवर आदळणं, हौशी माणूस तुझ्या डावीकडे बसणं की उजवीकडे, हे काहीच त्यात येत नाही. तरी दिशा कळते.

रेकचं असं आहे की पॉटच्या ठरावीक टक्के, बऱ्याच ठिकाणी ५ च्या आसपास, आणि वर एक कॅप (कमाल मर्यादा). छोट्या स्टेकला पॉट कॅपपर्यंत पोचतच नाही त्यामुळे पूर्ण टक्के कापले जातात. वर गेलं की मोठ्या पॉटला कॅप लागते आणि बिग ब्लाइंडमध्ये मोजलेला रेक उतरतो. म्हणजे तू म्हणतोयस ते बरोबर आहे, पण त्याआधी हातातलं कर. बहुतेक साइट्सवर फ्लॉप न बघता हात संपला तर रेक कापत नाहीत. तू स्मॉल ब्लाइंडमधून (सक्तीच्या छोट्या पैजेच्या जागेवरून) नुसता कॉल (समोरच्याएवढेच पैसे टाकणं) किती करतोस ते बघ. तिथे थ्री-बेट (समोरच्याने वाढवल्यावर पुन्हा वाढवणं) नाहीतर फोल्ड एवढंच ठेवलं की छोट्या स्टेकला रेकचा मार बराच कमी होतो, कारण ते छोटे छोटे पॉटच सगळ्यात जास्त कुरतडतात.

जुना_रेग

वर जायचंच तर चोवीस बाय-इनच्या घसरणीत सरळ मुक्काम हलवू नकोस. वरच्या स्टेकचे पाच बाय-इन बाजूला काढ, चांगलं टेबल दिसेल तेव्हाच बस, ते पाच गेले की खाली, पुढचे काही आठवडे वर बघायचं नाही. आणि वरचे लोक तुला साडेसहा देणार नाहीत हे गृहीत धर, तीन दिले तरी खूप. रेकमध्ये वाचवलेलं तिकडे जाईल.

टेबल निवडण्यात रोज पंधरा मिनिटं घालव, चारही खिडक्या लगेच भरायची घाई कशाला. तू कुठल्या हाताला फोल्ड केलं ते आठवत नाही म्हणालास ना, तर तीनच टेबलं लाव महिनाभर.

शेवटचा_पत्ता

अरे आणि त्या ७ मधून रेकबॅक (साइट परत देते तो रेक) वजा केलास का? ट्रॅकर तो धरत नाही, साइटच्या अकाउंटमध्ये वेगळा दिसतो.

गुलामाची_जोडी

नाही धरला. पाव हिस्सा येतो साधारण परत. म्हणजे पावणेदोन... मग ईव्हीने मी अधिक सव्वाला आहे??

शेवटचा_पत्ता

हो, कागदावर. खात्यातून गेलेले पैसे गेलेलेच आहेत. स्मॉल ब्लाइंडचा फिल्टर लावून आकडा टाक, कॉल आणि थ्री-बेट वेगवेगळे. उद्या बघतो, माझी टेबलं भरली आता.