आधी अंगण, मग गिलावा
झाडोरा वाढलेल्या विटांच्या घराची डागडुजी करताना आधी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून अंगणातील झाडोरा नंतर सावकाश काढावा, असा एक सल्ला दिला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. भिंतीला टेकलेली झुडपे आणि साचलेला पालापाचोळा जोत्याजवळची माती ओली ठेवतात, आणि ती ओल केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून पाणी आपोआप ओढले जाऊन, विटांमधून वर चढते. म्हणून प्रथम घराभोवतीचा पट्टा मोकळा करून जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि भिंती पुरेशा वाळल्यावरच गिलावा करावा. बांधकाम चुन्याचे असेल तर गिलावाही चुन्याचाच असावा, कारण सिमेंटचा घट्ट थर आतली ओल कोंडतो आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीत शिरलेली मुळे मात्र कृपया ओढून काढू नका, त्यांच्याबरोबर बांधकामही निखळते. खोड कापून, नवे फुटवे खुडत राहून ती मरू द्यावीत.