ब्रिटन 1751–52 : एकाच मृत्यूच्या तीन तारखा, यादीत कोणती घ्यायची?

प्रश्न

ब्रिटनमधल्या 1751 आणि 1752 च्या ठळक घटना आणि निधनं यांची मराठी यादी करायला घेतली आहे. राजा दुसऱ्या जॉर्जचा थोरला मुलगा, युवराज फ्रेडरिक, 20 मार्च 1751 ला वारला असं एकीकडे दिसतं, दुसरीकडे 31 मार्च 1751, तर तिसरीकडे 20 मार्च 1750. खरं काय धरायचं? शिवाय सप्टेंबर 1752 मध्ये 3 ते 13 तारखांची एकही नोंद सापडत नाही.

प्रतिसाद 1

तिन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये युरोपच्या तुलनेत दोन फरक होते आणि ते वेगवेगळे हाताळावे लागतात.

पहिला फरक दिवसांचा. इंग्लंड तेव्हा ज्युलियन कालगणनेवर होतं, म्हणजे ग्रेगोरियनच्या, आपल्या आजच्या कॅलेंडरच्या, 11 दिवस मागे. म्हणून 20 चे 31 मार्च. दुसरा फरक वर्षाच्या आकड्याचा. इंग्लंडमध्ये कायदेशीर नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. 20 मार्चला जुनं वर्ष संपायला पाच दिवस बाकी होते, म्हणून 1750. थॉमस कोरम, लंडनच्या अनाथ बालकाश्रमाचे संस्थापक, 29 मार्चला वारले, तर त्यांच्या नोंदीत 1751. दोन मृत्यूंत अंतर फक्त नऊ दिवसांचं, पण जुन्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या तर ते वर्षभराचं दिसतं. यादीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

1751 मध्ये संसदेत मंजूर झालेल्या कायद्यानं दोन्ही फरक मिटवले. 1751 हे वर्ष 25 मार्चला सुरू होऊन 31 डिसेंबरलाच संपलं, अवघ्या 282 दिवसांचं. 1752 पासून वर्ष 1 जानेवारीला लागू लागलं. त्या वर्षी बुधवार 2 सप्टेंबरनंतर थेट गुरुवार 14 सप्टेंबर आला, म्हणून तुम्हाला मधल्या तारखा सापडत नाहीत. लीप वर्ष असूनही 1752 चे दिवस 355 भरले.

नोंद करताना आधी वर्ष सुधारा, मग दिवस. 1 जानेवारी ते 24 मार्चमधल्या इंग्लंडच्या नोंदीत वर्षाचा आकडा 1750 किंवा त्याआधीचा असेल, तर वर्षात एक मिळवा. 1752 च्या जानेवारी-मार्चला मात्र हात लावू नका, तो आकडा आधीच नवा आहे. दिवसात 11 मिळवायचे ते 2 सप्टेंबर 1752 पर्यंतच. बिशप जोसेफ बटलर यांचं निधन 16 जून 1752 चं, नव्या पद्धतीनं 27 जून. कवी थॉमस चॅटर्टनचा जन्म 20 नोव्हेंबर 1752 चा, त्यात काहीही मिळवायचं नाही.

स्कॉटलंडची नोंद असेल तर सावध राहा. तिथे 1600 पासूनच वर्ष 1 जानेवारीला सुरू होत होतं, पण दिवस ज्युलियनच. म्हणजे वर्ष सोडून द्या, फक्त 11 दिवस मिळवा.

प्रतिसाद 2

वरच्याला पुस्ती. मूळ नोंदीत वार दिला असेल तर तोच पडताळा. बदलात तारखा गळल्या, वारांची साखळी तुटली नाही. फ्रेडरिकचा वार बुधवार. 31 मार्च 1751 ग्रेगोरियन कॅलेंडरवर बघा, बुधवारच येतो. 20 मार्च टाकून बघितलंत तर शनिवार येईल, म्हणजे ती तारीख जुन्या पद्धतीची.

नोंद "20 मार्च 1750/51" अशी दिसली तर तिरकी रेघ शंकेची समजू नका. दोन्ही गणनांची वर्षं मुद्दाम शेजारी लिहिली आहेत. न्यूटनच्या लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर ॲबे चर्चमधल्या स्मारकावर मात्र एकच वर्ष कोरलंय : 20 मार्च 1726. आज आपण 1727 म्हणतो.

आणि 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणून 1752 मध्ये दंगली झाल्या, ही घटना कृपा करून यादीत घेऊ नका. तिला समकालीन आधार नाही. चित्रकार होगार्थच्या निवडणुकीवरच्या चित्रात त्या घोषणेचा फलक जमिनीवर पडलेला दिसतो, त्यावरून ती पसरली. ते चित्र 1754 च्या ऑक्सफर्डशायर निवडणुकीची खिल्ली आहे. लोकांना भाड्याची आणि कर्जफेडीची काळजी होती हे खरं, पण कायद्यातच तरतूद होती की देणी आणि सज्ञान होण्याचं वय खरे दिवस मोजूनच ठरेल.

प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. मग आपल्याकडच्या इंग्रज वखारींच्या पत्रांनाही हाच नियम?

प्रतिसाद 3

हो, फक्त 1700 च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत 11 ऐवजी 10 दिवस. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर हजर होता तो शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, ज्येष्ठ शुद्ध 13 शके 1596, इंग्रजी नोंदीत 6 जून 1674, ग्रेगोरियन 16 जून. पोर्तुगालनं 1582 मध्येच नवी गणना घेतली, त्यामुळे गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत 10 मिळवू नका, ते आधीच पुढे आहेत.

शिवजन्माची 19 फेब्रुवारी 1630 ही तर मिश्र तारीख. दिवस ज्युलियन, वर्ष मात्र 1 जानेवारीपासूनचं. तेव्हाच्या इंग्रज कारकुनानं तीच तारीख 19 फेब्रुवारी 1629 लिहिली असती. म्हणून सुरतेच्या पत्रावर फेब्रुवारी 1673 दिसला तर ते 1674 चं धरून पुढचा क्रम लावा, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी वर्षभर पोचलेलं दिसेल.