दुसऱ्या लाटेत भावाचे तीन एचआरसीटी (छातीचे बारकाईचे सिटी स्कॅन) झालेत, आता डॉक्टर पुन्हा सिटी सांगताहेत. काढावा का?

अश्विनी_सातारा:
एप्रिल-मे 2021 मध्ये धाकट्या भावाला कोविड झाला. तेव्हा तो 31 वर्षांचा होता. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली, पण ताप उतरेना, म्हणून एचआरसीटी काढला. फुफ्फुसाला किती बाधा झाली त्याचा स्कोअर 25 पैकी 6. आठवड्याभरात खोकला वाढला, दुसरा काढला, तेव्हा 11. बरा झाल्यावर ‘छाती साफ झाली का बघू’ म्हणून तिसरा. घरात तेव्हा ऑक्सिजन किती, स्कोअर किती, याशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं.

आता काही महिने त्याला कोरडा खोकला आहे, जिना चढताना दम लागतो. छातीच्या डॉक्टरांनी फायब्रोसिसची (फुफ्फुसात व्रण पडून ती कडक होण्याची) शंका सांगून सिटी लिहून दिलाय. तो जायलाच तयार नाही. ‘एक सिटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, माझे हजार होऊन गेलेत’ हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलंय. एवढी किरणं अंगात साठून राहतात का? पुन्हा काढणं धोक्याचं आहे का?

सुहास_कराड:
माझ्या सासऱ्यांचेही दोन झाले होते. आज 74 वर्षांचे आहेत, रोज मळ्यात जातात. पण भाऊ तरुण आहे, तेव्हा कुणा जाणकाराकडून नीट समजून घ्या. दम लागतोय हे मात्र अंगावर काढू नका.

मिरजकर_टेक:
ताई, मी मिरजेत सिटी टेक्निशियन आहे. दोन्ही लाटा मशीनवरच काढल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साठण्याचं. किरणं अंगात अजिबात साठत नाहीत. ट्यूब बंद झाली की दिवा मालवल्यावर उजेड जावा तशी ती गेली. किरणांनी पेशींमधल्या डीएनएला इजा होऊ शकते. बहुतेक इजा पेशी स्वतःच दुरुस्त करतात, क्वचित एखादी चुकीची दुरुस्त होते, आणि त्यातून पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सर होण्याची अगदी थोडी शक्यता वाढते. दर सिटीला ती शक्यता थोडी वाढते, एवढाच ‘साठण्या’चा अर्थ.

आता ते तीनशे एक्स-रे. 3 मे 2021 ला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी हा आकडा सांगितला. आजार सौम्य असेल तर सिटी काढू नका, हे त्यांना सांगायचं होतं आणि ते अगदी योग्य होतं. त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेनं लगेच उत्तर दिलं की हा आकडा जुना आहे, आताचा अल्ट्रा लो डोस सिटी म्हणजे 5 ते 10 एक्स-रे. लोक गोंधळून गेले. किरणांचा डोस मिलीसिव्हर्टमध्ये मोजतात. छातीचा एक एक्स-रे साधारण 0.02 मिलीसिव्हर्टचा असतो. नेहमीच्या सेटिंगवरचा छातीचा सिटी 5 ते 7 मिलीसिव्हर्ट. भागून बघा, 250 ते 350 येतात. तोच सिटी लो डोसवर घेतला तर 1 ते 1.5 मिलीसिव्हर्टमध्ये होतो, अल्ट्रा लो डोस त्याच्याही खाली जातो. म्हणजे पेशंट किती जाडजूड आहे, किती लांबी स्कॅन केली, किती वेळा फिरवलं, सेटिंग काय ठेवलं, यावर सगळं आहे.

मला विचाराल तर एक्स-रेंमध्ये मोजणंच सोडून द्या. एक्स-रेचा डोस इतका बारीक असतो की त्यानं भागलं की कुठलाही आकडा अंगावर येतो. जमीन, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला नुसतं जगताना वर्षाला सरासरी 2.4 मिलीसिव्हर्ट मिळतातच, हे जगाचं सरासरी मान. साधा सिटी म्हणजे अशी दोन-तीन वर्षं.

अंदाजावर कशाला राहता? तुमच्या भावाचा आकडा काढता येतो. सिटीच्या सीडीत किंवा फिल्मच्या शेवटी बहुतेक वेळा डोस रिपोर्टचं एक पान असतं. त्यावर ‘डीएलपी’ शोधा, म्हणजे त्या स्कॅनमध्ये एकूण किती किरणं दिली त्याचा आकडा. छातीसाठी त्याला 0.014 नं गुणलं की मिलीसिव्हर्ट आले.

तिन्ही मिळून 20 मिलीसिव्हर्ट धरले, तरी रूढ हिशेबानं हजार माणसांत एका कॅन्सरची भर पडते. आयसीएमआरच्या कॅन्सर नोंदींनुसार भारतात नऊपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होण्याची शक्यता असते, म्हणजे हजारात 110 च्या आसपास. त्यात हा एक. शिवाय हा हिशेब मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मोठ्या डोसवरून खाली आणलेला आहे. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे लोक पिढ्यान् पिढ्या जास्त किरणांत राहतात, तिथल्या मोठ्या अभ्यासात कॅन्सर वाढलेला दिसला नाही. म्हणून धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. लहान मुलं आणि तरुण मुलींच्या बाबतीत तर फार जपावं लागतं, त्यांच्या पेशी जास्त नाजूक.

राग येतो तो विनाकारण झालेल्या सिटींचा. एप्रिल 2021 मध्ये ताप येऊन एक दिवस झालेली, ऑक्सिजन 98 असलेली माणसं रांगेत उभी असायची. इतक्या लवकर छाती बऱ्याचदा स्वच्छच दिसते. मग चार दिवसांनी तीच माणसं परत. एम्स आणि आयसीएमआरच्या त्याच महिन्यातल्या सूचनेत मध्यम आजारातही तब्येत बिघडली तरच एचआरसीटी करा असं लिहिलं होतं. घरी ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालून बघितलं असतं, तर कित्येकांचे स्कॅन वाचले असते. तुमच्या भावाचा दुसरा सिटी मला गरजेचा वाटतो. तिसरा, त्रास काही नसताना, टाळता आला असता.

आत्ताचं वेगळं आहे. दम लागतोय, शंका ठरावीक आजाराची आहे, आणि फायब्रोसिस असेल तर तो एक्स-रेवर सुरुवातीला दिसेलच असं नाही. हा सिटी काढा. जाताना 2021 च्या सीडी न्या, तुलना झाली की नवे बदल कोणते ते लगेच कळतं. आधीचे तीन झालेत हे रेडिओलॉजिस्टना सांगा आणि लो डोसवर भागेल का हेही विचारा, ते ठरवतील.

गौरी_पुणे:
दादा, मधेच विचारते. तेव्हा मला पाचवा महिना होता आणि ऑक्सिजन उतरल्यामुळे सिटी करावा लागला. मुलगी आता शाळेत जाते, तरी मनात धाकधूक असते.

मिरजकर_टेक:
ताई, ती मनातून काढून टाका. छातीच्या सिटीत किरणांचा झोत पोटावर पडत नाही, आतून विखुरलेली थोडी पोचतात. बाळाला मिळतो तो डोस एक मिलीग्रेपेक्षाही (शरीरात शोषलेली किरणं मोजायचं एकक) कमी असतो, आणि 50 मिलीग्रेच्या खाली गर्भाला इजा झाल्याचं आढळलेलं नाही. ऑक्सिजन उतरला होता म्हणजे स्कॅन गरजेचाच होता.

अश्विनी_सातारा:
सीडी सापडल्या. पहिल्यात डीएलपी 412, दुसऱ्यात 388. म्हणजे 5.8 आणि 5.4 मिलीसिव्हर्ट, बरोबर ना? तिसऱ्याची फक्त फिल्म आहे, त्यावर ते पान नाही. भावाला हे कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यानं नीट ऐकून घेतलं. शुक्रवारची वेळ घेतलीये.

मिरजकर_टेक:
बरोबर काढलंत. तिसरा तेवढाच धरा, एकूण सतराच्या आत. त्या सेंटरला फोन करून नाव आणि तारीख सांगा, त्यांच्या कॉम्प्युटरवर असेल तर सीडी करून देतील. आणि भावाला सांगा, श्वास पूर्ण भरून धरायचा. मधेच सोडला तर चित्र हलतं आणि पुन्हा फिरवावं लागतं. खोकला आहे तर आधी दोन-तीनदा सराव करून घ्यायला टेक्निशियनला सांगा.