जुन्या गेमचा सोर्स कोड घेऊन मराठी व्हर्जन काढलं तर चालतं का?

पाथरीचा_पोरगा
नमस्कार मंडळी, मी परभणीला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टचा विषय द्यायचाय. निम्मी बॅच हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर लायब्ररी मॅनेजमेंट करायलीय, मला ते नको वाटतं. मला एखादा जुना गेम घेऊन त्याचा मेन्यू, मेसेज सगळं मराठीत करायचंय. मामाच्या जुन्या पीसीवर प्रिन्स ऑफ पर्शिया लई खेळलोय, त्याचा कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) आहे असं दिसलं, डूमचा बी आहे. पण गाईड सर म्हणायलेत की दुसऱ्याच्या गेमचा कोड घेणं म्हणजे पायरसी, सबमिट होणार नाही. खरंच असं असतं का? आणि दोन्हीतलं कोणतं घ्यावं? लॅबचे पीसी जुनेच आहेत, तेवढं धरून सांगा.

औसेकर
भावा, प्रिन्सचा कोड चोरीचा नाही, खुद्द जॉर्डन मेकनरनं टाकलाय. हा गेम त्यानं १९८९ ला ॲपल टू कॉम्प्युटरसाठी केला होता, राजपुत्राचं पळणं-उडी मारणं दिसतं ना, ते त्यानं आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून, शूटिंग करून, त्यावरून फ्रेम-फ्रेम काढलेलं आहे. पुढं कोडच्या डिस्क कुठं गेल्या त्याचा पत्ता नव्हता, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या, जाणकार माणसं बोलावून त्यातला डेटा वाचून काढला आणि गिटहबवर टाकला. इतक्या वर्षांनी फ्लॉपी वाचली गेली हेच नशीब म्हणायचं, त्या खराब झाल्या असत्या तर आज आपल्याला काहीच बघायला मिळालं नसतं.

पण तुझ्या कामाला दोन अडचणी. एक, तो सगळा ६५०२ असेंब्लीत, म्हणजे ॲपल टूच्या प्रोसेसरच्या भाषेत आहे, आपण खेळलो त्या डॉसवाल्या गेमचा तो कोडच नाही. दुसरं, मेकनरनं तिथं स्पष्ट लिहिलंय की अभ्यास करा, बदला, चालवून बघा, माझी हरकत नाही, पण प्रिन्स ऑफ पर्शियाचे गेम काढायचा आणि वाटायचा हक्क युबिसॉफ्ट कंपनीचाच. म्हणजे वाचायला सोनं आहे, पण मराठी व्हर्जन काढून पोरांना वाटशील तर अडकशील.

लॅबवाले_सर
मी लातूरकडं कॉलेजात सी भाषा शिकवतो, म्हणून डूमबद्दल जरा सविस्तर सांगतो. गेम आला डिसेंबर १९९३ ला, कोड खुला केला डिसेंबर १९९७ ला, त्याचा प्रोग्रामर जॉन कार्मॅकनं. दिला तो लिनक्सचा, कारण डॉसच्या व्हर्जनमधली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याकडून लायसन्सवर घेतलेली होती, ती त्यांना वाटता येत नव्हती. जुने गेम खुले व्हायला घोडं बऱ्याचदा इथंच अडतं, मालकाची इच्छा असली तरी आतला एखादा तुकडा दुसऱ्याचा निघतो. सुरुवातीला लायसन्स कडक होतं, धंदा करायचा नाही वगैरे, १९९९ मध्ये तोच कोड जीपीएल या खुल्या लायसन्सखाली दिला. तुझ्या सरांना ही जीपीएलची फाइलच दाखव. वापरायला, बदलायला, वाटायला परवानगी आहे, अट एवढीच की तू गेम वाटलास तर बदललेला कोड बी त्याच लायसन्सखाली द्यायचा.

आता नीट लक्ष दे, खुला झाला तो कोड. चित्रं, आवाज, लेव्हल हे सगळं वॅड फाइलमध्ये असतं आणि ते आजही कंपनीच्या मालकीचं आहे. त्यासाठी फ्रीडूम नावाचा प्रोजेक्ट आहे, लोकांनी सगळी चित्रं, आवाज, लेव्हल नव्यानं करून खुल्या लायसन्सखाली दिल्यात. कोड जीपीएलचा आणि वॅड फ्रीडूमचा घेतलास की कुणी बोट दाखवू शकत नाही.

बिंदुसरा
व्हाइस सिटी या गेमच्या नादी मात्र लागू नको. काही जणांनी मूळ गेम उलगडून त्याचा कोड परत लिहिला होता, काम एक नंबर होतं, पण मालक कंपनीनं परवानगी दिलेली नव्हती, २०२१ मध्ये तो गिटहबवरून काढायला लावला आणि वर कोर्टात केस. मालकानं स्वतः दिलेला कोड आणि लोकांनी काढलेला कोड यात लई फरक आहे.

पाथरीचा_पोरगा
धन्यवाद सर, दादा. मग डूमच घेतो. मराठीचं कसं करायचं? मेसेजच्या फाइलमध्ये युनिकोड टाकला की होईल ना?

लॅबवाले_सर
नाही होणार, आणि खरा प्रोजेक्ट तिथंच आहे. डूममध्ये इंग्रजी मेसेजची वेगळी हेडर फाइल आहे, फ्रेंचची बी आहे, त्यामुळं वाटतं की तिसरी मराठीची केली की झालं. पण अक्षरं काढायची पद्धत बघ. फॉन्ट म्हणजे वॅडमधली ६३ छोटी चित्रं, उद्गारचिन्हापासून अंडरस्कोरपर्यंत, लहान लिपीसुद्धा नाही, सगळं कॅपिटल करून एकामागं एक चिकटवतो. आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, उकार खाली जातो, जोडाक्षराचा आकारच बदलतो, हे त्या कोडला कळायचं कारणच नाही. मेन्यूचं सोपं आहे, तिथं न्यू गेम हे अक्षरांनी लिहिलेलं नाहीच, आख्खं चित्र आहे. स्लेड नावाचा फुकट एडिटर घे, त्यात ‘नवा खेळ’ असं चित्र करून बदलून टाक. गोळ्या उचलल्या, चिलखत मिळालं असे मेसेज आहेत, ते बी आख्खी चित्रं करून दाखव, त्यासाठी मेसेज काढणाऱ्या फाइलमध्ये थोडा सी लिहावा लागेल, तेवढं तुला जमतं.

आणि जमलं तर रँडम नंबरची फाइल उघडून बघ. २५६ आकड्यांचा ठरलेला तक्ता आहे, त्यातूनच ओळीनं आकडे उचलतात, म्हणून रेकॉर्ड केलेला डेमो परत चालवला की प्रत्येक राक्षस तसाच वागतो आणि नेटवर्कवरचे चारी पीसी एकसारखे चालतात. पोरांना दाखवला की वर्ग गप होऊन बघतो.

औसेकर
एक राहिलं, १९९७ चा कोड जसाच्या तसा कंपाइल करत बसू नको, तो ३२ बिट आणि २५६ रंगांच्या स्क्रीनसाठी लिहिलाय, आजच्या ६४ बिट लिनक्सवर रडवतो. चॉकलेट डूम घे, त्याच कोडवरून आजच्या पीसीसाठी केलेला डूम, जीपीएलच आहे, मूळ गेमसारखाच चालतो आणि तुमच्या लॅबच्या पीसीला जड बी जाणार नाही. रिपोर्टात दोन्ही लायसन्सच्या प्रती जोड आणि कोणत्या फाइलीत काय बदललं ते लिही, सर तेच विचारणार. झालं की लिंक इथं टाक, मेन्यूची चित्रं काढायला मदत लागली तर मी करतो.