तळघरातले काळे किडे: झुरळं की दुसरं काही?

प्रेषक: मेधा (एडिसन)
प्रति: मंडळ

नमस्कार मंडळी,
गेला आठवडाभर इथे न्यू जर्सीत आमच्या घरी रोज सकाळी तळघरात आणि मागच्या सरकत्या दाराशी चार-पाच काळे चकचकीत किडे सापडतायत. दिवा लावला की सुसाट कपाटाखाली पळतात. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्या म्हणतात झुरळंच आहेत, बोरिक पावडरच्या गोळ्या करून ठेव. पेस्ट कंट्रोलच्या माणसाला बोलावलं, तर त्याने किडा धड पाहिलासुद्धा नाही आणि दर तीन महिन्यांनी घरभर फवारणीचा करार पुढे केला. घरात बाळ रांगतंय, गणपती दहा दिवसांवर आलेत. काय करू? फोटो जोडलाय.

प्रेषक: श्रीधर (ईस्ट ब्रन्सविक)
प्रति: मंडळ

चि. मेधा,
फोटो मोठा करून पाहिला. हे झुरळ नाही, भुंगेरा आहे. इथे अमेरिकेत याला ग्राउंड बीटल म्हणतात. करारावर सही करू नकोस, आणि बाळ रांगतंय तिथे गोळ्याही ठेवू नकोस.

खात्री तुझी तूच करून घे. एक किडा काचेच्या पेल्याखाली धर, खालून जाड कागद सरकव आणि उजेडात बघ. पाठीवर मधोमध सरळ शिवण दिसते ना? भुंगेऱ्याचे वरचे पंख कवचासारखे टणक असतात आणि त्या रेषेवर एकमेकांना भिडतात. झुरळाचे पंख एकावर एक चढलेले असतात. आता डोकं बघ. झुरळाचं डोकं मानेवरच्या ढालीसारख्या कवचाखाली लपलेलं असतं, वरून जवळजवळ दिसतच नाही. याचं डोकं जबड्यांसकट पुढे आलेलं आहे, आणि पाठीवर शेतातल्या सऱ्यांसारख्या बारीक उभ्या रेघा आहेत. झुरळाच्या मिशा अंगाएवढ्या लांब, याच्या त्यामानाने आखूड. तुझ्या फोटोत पाय तांबूस-पिवळे आहेत आणि लांबी अर्ध्या इंचाच्या आसपास वाटते. त्यावरून हा बहुधा हार्पॅलस पेन्सिल्व्हॅनिकस जातीचा असावा. आपल्या भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा दिव्यावर भरपूर येतो. तिकडे महाराष्ट्रात वळवाच्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे दिव्यावर यायचे, तसंच.

राहुरीला कीटकशास्त्र शिकलो तेव्हापासून या मंडळींबद्दल मला ममत्व आहे, म्हणून थोडं जास्त लिहितो. जगात यांच्या सुमारे ४०,००० जाती आहेत आणि बहुतेक रात्री शिकार करतात. बागेतल्या गोगलगायी, रोपं बुडातून कुरतडणाऱ्या अळ्या, हे यांचं खाणं. तुझा हार्पॅलस तर तणाचं बीही खातो, त्यात रॅगवीडचंही. सप्टेंबरात आपण निम्मे लोक ज्याच्या परागांनी शिंकत असतो, तेच रॅगवीड. एक हिरव्या झळाळीचा भाईबंद तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये युरोपातून मुद्दाम आणून सोडला होता, झाडांची पानं फस्त करणाऱ्या स्पंजी मॉथच्या अळ्या खायला. असा किडा औषध मारून संपवायचा म्हणजे स्वतःच्याच बागेचं नुकसान.

घरात तो चुकून येतो. आत त्याला ना ओल, ना खाणं. तो इथे वीण वाढवत नाही आणि बहुधा काही दिवसांत मरतो. लाकूड, तांदूळ, साड्या, कशालाही तोंड लावत नाही. हातात दाबून धरला तर चिमटा काढेल, एवढंच. आत दिसलेले केरसुणीने नाहीतर व्हॅक्यूमने उचल. फवारून उपयोग नाही, कारण बाहेरून नवे येतच राहतील.

तेव्हा वाट बंद करायची. रात्री आतला दिवा मालव, दुसऱ्याला बाहेरून दाराच्या कडेने टॉर्च फिरवायला सांग. आत जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून किडा येतो. दाराखाली रबरी पट्टी, चौकटीच्या भेगांत कॉक (फटी बुजवायचा मसाला). सरकत्या दाराच्या कडेचा ब्रश झिजलाय का तेही बघ. मागचा पांढरा प्रखर दिवा काढून मंद पिवळा लाव, आणि तोही रात्रभर नको. तळघराच्या खिडक्यांबाहेरच्या खड्ड्यांतला पाचोळा काढ. भिंतीला टेकलेलं मल्च (वाफ्यात पसरलेला लाकडाचा चुरा) दीड फूट मागे सरकव. दिवसा ते त्याच ओलाव्यात दडतात.

शंका राहिलीच तर किडा डबीत घालून रटगर्स विद्यापीठाच्या काउंटी एक्स्टेन्शन (शेती-बाग सल्ला) कार्यालयात घेऊन जा.

प्रेषक: अजय (पार्सिपनी)
प्रति: मंडळ

काका, आमच्या सोसायटीत मल्च काढायला परवानगी नाही. आणि लहानपणी सोलापूरला माळावर पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा काळा किडा दिसायचा. आजी म्हणायची, जवळ जाऊ नका, डोळ्यात उडवतो. तो यांच्यातलाच का?

प्रेषक: श्रीधर (ईस्ट ब्रन्सविक)
प्रति: मंडळ

यांच्यातलाच, अजय. सहा ठिपके असतील तर तो अँथिया नावाचा भुंगेरा. आजींचं बरोबर होतं, तो आम्लाची पिचकारी मारतो, डोळ्यांची आग होते. इथले बहुतेक असलं काही करत नाहीत, फार तर घाण वास सोडतील. मल्च सगळं काढायचं नाहीये, फक्त भिंतीलगतच्या पट्टीत त्याऐवजी खडी पसर. त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण आधी विचारून घे.

प्रेषक: मेधा (एडिसन)
प्रति: मंडळ

काका, मनापासून आभार. पेल्याखाली धरून सासूबाईंनाही शिवण दाखवली, त्यांना पटलं. सरकत्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात ब्रश पार गेला होता, बोट जाईल एवढी फट! नवा बसवला, दिवा बदलला. काल दोन दिसले, आज एकच, तो टोमॅटोच्या वाफ्यात सोडला. करार केला नाही.
आता तळघराची बाहेरची तिरपी लोखंडी दारं राहिलीत. मधल्या सांध्यातून उजेड दिसतो. तिथे कुणी पट्टी बसवली असेल तर कुठली ते कळवा, शनिवारी आणायला जाणार आहोत.