केकोवा: बुडालेले नगर आणि समुद्रस्नान

प्रश्न: आमचा बारा जणांचा गट तुर्कस्तानातील देमरे येथून बोटीने केकोवा बेटाची एका दिवसाची सहल करणार असून, सोबत माझी वृद्ध आईही आहे. बुडालेल्या अवशेषांजवळ पोहता येते का?

उत्तर १: नाही. भूकंपांमुळे खचलेल्या त्या प्राचीन लिशियन (तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावरील लिशिया या जुन्या प्रदेशातील) वस्तीच्या भिंती आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या बोटीतूनच पाहाव्या लागतात, कारण हा परिसर १९९० पासून संरक्षित असून अवशेषांवर पोहण्यास मनाई आहे. ती योग्यच आहे, असे मला मनापासून वाटते. पोहण्यासाठी बोटी जवळच्या दुसऱ्या खाडीत थांबतात.

उत्तर २: केकोवा बेटासमोरच्या किनाऱ्यावरील सिमेना गावाच्या किल्ल्यात कातळात कोरलेले छोटे प्रेक्षागृह आहे, ते चुकवू नका. चढण तीव्र असल्याने आईंना खाली किनाऱ्यावरच बसू द्यावे. उथळ पाण्यात उभी असलेली दगडी शवपेटी तेथूनही दिसते.