तरुण फ्रँचायझी क्वार्टरबॅक मिळवायचा कसा? भविष्यातील पहिल्या फेरीच्या निवडी मोजाव्यात की थांबावे?

अकरावा_क्रमांक:

नमस्कार. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधील ज्या संघाचा मी पाठीराखा आहे, तो गेली काही वर्षे सात-आठ विजयांवर अडकला आहे. इतके सामने जिंकल्यावर प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत, सहसा जागा मिळत नाही आणि ड्राफ्टमधील, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, पहिल्या तीन क्रमांकांच्या जवळपासही पोहोचता येत नाही, कारण वरचे क्रमांक कमी सामने जिंकलेल्या संघांना मिळतात. यंदा आमचा क्रमांक अकरावा आहे. आमच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची, पस्तिशी उलटली आहे. तो वाईट खेळतो असे नाही, परंतु त्याच्या भरवशावर पुढच्या पाच वर्षांचा विचार करता येणार नाही, हे एव्हाना संघालाही उमगले असावे.

माझा कल असा आहे की पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी देऊन टाकाव्यात आणि पहिल्या तीन क्रमांकांत शिरावे. चांगला क्वार्टरबॅक सापडला तर कोणतीही किंमत स्वस्त ठरते आणि नाही सापडला तर बाकीच्या निवडी हाताशी असूनही फारसे काही हाती लागत नाही, असे मला वाटते. परंतु 2021 साली सॅन फ्रान्सिस्कोने ट्रे लान्स या तरुण क्वार्टरबॅकसाठी नेमके हेच केले आणि त्याचे पुढे काय झाले, हे आठवले की हात आखडतो. तेव्हा जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. वर चढण्यासाठी किती किंमत रास्त मानावी? निवडलेल्या मुलाला वर्षभर बाकावर बसवणे आजच्या काळात परवडते का? आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य क्वार्टरबॅक झालेल्या ब्रॉक पर्डीसारखा शेवटच्या फेरीतील खेळाडू सापडतो, याला योजना म्हणता येईल का?

राखीव_सेंटर:

तुमचा पहिला प्रश्न थोडा फिरवून विचारायला हवा. किंमत किती, याआधी ती देणारा संघ कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहावे लागते, कारण भविष्यातील निवडीचे मोल सौद्याच्या दिवशी ठरत नाही. पुढच्या हंगामात तुम्ही किती सामने हरता, त्यावर ते ठरते.

दोन सौदे शेजारी ठेवून पाहू. 2017 मध्ये कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्या क्रमांकावर येण्यासाठी बफेलोला आपली त्या वर्षीची पहिली आणि तिसरी फेरी (म्हणजे त्या फेरीतील निवड) व 2018 ची पहिली फेरी दिली आणि पॅट्रिक महोम्स या क्वार्टरबॅकला निवडले. आदल्या हंगामात त्यांनी बारा सामने जिंकले होते. ॲलेक्स स्मिथ क्वार्टरबॅक म्हणून स्थिरावला होता, अँडी रीड प्रशिक्षक होते, पास झेलणारे ट्रॅव्हिस केल्सी आणि टायरीक हिल संघात होते. म्हणून 2018 ची ती निवड शेवटी बाविसाव्या क्रमांकाची ठरली. कागदावर ती ‘पहिली फेरी’ होती, पण प्रत्यक्षात बफेलोच्या हाती फेरीच्या शेवटाकडची एक निवड आली.

आता 2023 चा कॅरोलायना पाहा. आदल्या हंगामात सात विजय, ड्राफ्टमध्ये नववा क्रमांक, म्हणजे जवळजवळ तुमच्यासारखीच स्थिती. पहिल्या क्रमांकासाठी त्यांनी शिकागोला आपला नववा क्रमांक, त्याच वर्षीची दुसरी फेरी, 2024 ची पहिली फेरी आणि 2025 ची दुसरी फेरी दिली. शिवाय डीजे मूर हा त्यांचा सर्वांत चांगला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडूही दिला. ज्या मुलासाठी हा सारा खटाटोप केला, तो चेंडू कोणाकडे फेकणार, याचा विचार सौदा करतानाच बाजूला पडला. त्या मुलाच्या, म्हणजे ब्राइस यंगच्या, पहिल्या हंगामात संघाने सतरापैकी दोन सामने जिंकले आणि प्रशिक्षक फ्रँक राइक यांना अकरा सामन्यांनंतर नारळ मिळाला. त्या दोन विजयांमुळे कॅरोलायनाची 2024 ची निवड थेट पहिल्या क्रमांकाची झाली, आणि तिच्यावर शिकागोने केलेब विल्यम्सला घेतले. एका क्वार्टरबॅकसाठी त्यांनी दुसऱ्या क्वार्टरबॅकची जागा मोजली आणि त्यांना ते सौद्याच्या दिवशी ठाऊकही नव्हते.

म्हणून माझे मत असे की मधल्या संघाने भविष्यातील दोन पहिल्या फेऱ्या देणे म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध पैज लावणे होय. तुमची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी फळी, भक्कम असेल, निदान एक विश्वासार्ह रिसीव्हर असेल आणि प्रशिक्षकाची खुर्ची दोन वर्षे तरी हलणार नसेल, तर एक पहिली फेरी जरूर द्या. यांतले काहीच नसेल, तर आधी घर बांधा.

लान्सविषयी एवढेच सांगतो. त्याने महाविद्यालयीन काळात सगळे मिळून 318 पास फेकले होते आणि 2020 मध्ये महामारीमुळे तो एकच सामना खेळला होता. अशा खेळाडूसाठी सॅन फ्रान्सिस्कोने बारावा क्रमांक, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी दिली, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये तो डॅलसला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात गेला. तरीही तो संघ कोसळला नाही, कारण बाकीचे घर उभे होते. तेच कॅरोलायनाकडे नव्हते.

तिसरा_डाउन_सात_यार्ड:

राखीव_सेंटर यांनी दिलेल्या तपशिलाबद्दल वाद नाही. परंतु ‘आधी घर बांधा’ हा सल्ला ऐकायला जितका शहाणपणाचा वाटतो, तितका आचरणात आणता येत नाही. घर बांधले की संघ नऊ-दहा सामने जिंकू लागतो आणि क्वार्टरबॅक निवडण्याची जागा आणखी दूर जाते. सिनसिनाटीला 2020 मध्ये जो बरो मिळाला, तो आदल्या हंगामात दोनच सामने जिंकल्यामुळे. घर बांधल्यामुळे तो मिळाला नव्हता. पाण्यात न उतरता पोहायला शिकण्याची ही गोष्ट आहे.

माझ्या मते मधल्या संघाने बफेलोचा 2018 चा मार्ग अभ्यासावा. गंमत म्हणजे वर ज्या सौद्यात त्यांनी महोम्सची जागा कॅन्सस सिटीला दिली, त्याच सौद्याने त्यांच्या हाती जास्तीची पहिली फेरी आली होती. 2017 मध्ये नऊ सामने जिंकून ते 1999 नंतर प्रथमच प्लेऑफला गेले, त्यामुळे त्यांची स्वतःची निवड एकविसावी होती. आधी त्यांनी कॉर्डी ग्लेन हा टॅकल (लाइनच्या टोकाला खेळणारा रक्षक) आणि हा एकविसावा क्रमांक देऊन सिनसिनाटीकडून बारावा क्रमांक मिळवला. मग ड्राफ्टच्या दिवशी तो बारावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी टॅम्पा बेला देऊन ते सातव्या क्रमांकावर आले आणि त्यांनी जॉश ॲलनला घेतले. दोन पायऱ्या चढल्या, पण 2019 ची पहिली फेरी शाबूत राहिली, आणि कॅन्सस सिटीकडून आलेली बाविसावी निवडही ॲलनवर खर्च झाली नाही. एका उडीपेक्षा दोन पायऱ्या स्वस्त पडल्या, त्याही आदल्या वर्षीच्या संयमाच्या बळावर.

ॲलन तयार होऊन आला नव्हता, हेही लक्षात ठेवावे. पहिल्या हंगामात त्याचे पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण 52.8 टक्के होते, तर 2020 मध्ये ते 69.2 टक्क्यांवर गेले. त्या तिन्ही हंगामांत आक्रमणाची सूत्रे ब्रायन डेबॉल यांच्याकडेच होती आणि 2020 मध्ये स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर संघात आला. याउलट त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर निवडलेल्या जॉश रोझन या क्वार्टरबॅकला ॲरिझोनाने एका वर्षातच मायामीला देऊन टाकले. दोघांच्या गुणवत्तेत फरक होताच, पण एकाला तीन वर्षे मिळाली आणि दुसऱ्याला एक.

पर्डीबद्दल म्हणाल तर ती योजना नव्हे. तो 2022 च्या ड्राफ्टमधील 262 वा, म्हणजे सर्वांत शेवटचा खेळाडू होता. त्याच्यातले गुण सॅन फ्रान्सिस्कोने ओळखले असते, तर त्यांनी शेवटच्या निवडीपर्यंत वाट पाहिली नसती. मात्र दरवर्षी एखादी निवड क्वार्टरबॅकवर लावत राहणे ही योजना नक्कीच आहे. फिलाडेल्फियाने 2019 मध्ये आपला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झशी चार वर्षांचा 12.8 कोटी डॉलरचा करार केला असतानाही 2020 च्या दुसऱ्या फेरीत त्रेपन्नाव्या क्रमांकावर जेलन हर्ट्सला घेतले. त्या वेळी पाठीराख्यांनी केवढा ओरडा केला होता. पुढे वेंट्झ इंडियानापोलिसला गेला आणि हर्ट्सने 2025 च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीला 40-22 असे हरवून सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला.

कॅपचा_कारकून:

दोघांनीही पैशाची बाजू सोडून दिली आहे, आणि वर्षभर बाकावर बसवण्याचा प्रश्न तिच्याशीच बांधलेला आहे.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2011 च्या सामूहिक करारापासून नवख्या खेळाडूंचे मानधन निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरून गेलेले असते. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डशी सहा वर्षांचा 7.8 कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यातले पाच कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे 2.2 कोटी मिळाले. तरुण क्वार्टरबॅकसाठी संघ एवढे उतावीळ का होतात, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे. 2024 मध्ये केलेब विल्यम्सचा चार वर्षांचा पूर्ण करार चार कोटींच्या आत होता, तर त्याच वर्षी डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटने वर्षाला सहा कोटींचा करार केला. त्या हंगामाची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण मानधनाची मर्यादा, 25.54 कोटी होती. वाचलेल्या पैशातून दोन-तीन उत्तम खेळाडू येतात. तेव्हा तुम्ही क्वार्टरबॅकच्या जोडीने स्वस्ताईची चार वर्षेही विकत घेत असता.

पहिल्या फेरीतील खेळाडूचा चार वर्षांचा करार पाचव्या वर्षासाठी वाढवण्याचा पर्याय संघाकडे असतो, परंतु तो वापरायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर ठरवावे लागते आणि एकदा वापरला की ती रक्कम पूर्ण हमीची होते. म्हणजे खेळाडू ओळखायला तुम्हाला खरे तर तीनच हंगाम मिळतात. एक वर्ष बाकावर गेले तर दोनच उरतात. ग्रीन बेने 2020 मध्ये सव्विसाव्या क्रमांकावर जॉर्डन लव्हला घेतले आणि तीन वर्षे मुख्य क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या मागे बसवले. परिणामी पर्यायाचा निर्णय घेण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे खेळणे असे फारसे कोणी पाहिलेच नव्हते. तो पर्याय टाळून त्यांनी एका वर्षाची छोटी मुदतवाढ दिली, आणि एकच पूर्ण हंगाम खेळल्यानंतर 2024 च्या जुलैत त्याच्याशी चार वर्षांचा 22 कोटींचा करार करावा लागला. खेळाडू चांगला निघाला म्हणून हे खपून गेले, पण स्वस्ताईची वर्षे मात्र त्यांनी बाकावरच खर्च केली.

तरीही एक वर्ष बसवणे मला मान्य आहे. अट इतकीच की पुढे खेळणारा माणूस खरोखर सामने जिंकून देणारा हवा, म्हणजे ते वर्ष वाया जात नाही. महोम्स बसला तेव्हा स्मिथने संघाला प्लेऑफमध्ये नेले होते. लाइन कच्ची आहे म्हणून मुलाला बसवायचे आणि पुढच्या वर्षी त्याच कच्च्या लाइनमागे उभे करायचे, याला मी पुढे ढकलणे म्हणेन.

एक मार्ग कोणी मांडला नाही, तो म्हणजे दुसऱ्याने टाकून दिलेला तरुण. सॅम डार्नोल्ड 2018 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, मग कॅरोलायना, मग सॅन फ्रान्सिस्को असा फिरला, आणि 2024 मध्ये एक कोटी डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर त्याने मिनेसोटाला चौदा विजय मिळवून दिले. त्यात मिनेसोटाने ड्राफ्टची एकही निवड खर्च केली नाही. असा खेळाडू पस्तिशी उलटलेल्या क्वार्टरबॅकच्या जागी आणला, तर निदान वर्षभर श्वास घ्यायला जागा मिळते आणि ड्राफ्टच्या दिवशी समोरचा संघ तुमची निकड हेरून भाव वाढवत नाही.

अकरावा_क्रमांक:

सर्वांचे आभार. माझा कल बराच हलला आहे, पण पुरता नाही. आमची लाइन चांगली आहे, विशेषतः दोन्ही टॅकल तरुण आहेत. रिसीव्हरमध्ये मात्र एकच नाव घेण्याजोगे आहे. प्रशिक्षकांचे हे तिसरे वर्ष, आणि निवडी-सौदे ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरच्या कराराचे अखेरचे. ही शेवटची गोष्ट मी आधी लिहायला हवी होती.

राखीव_सेंटर:

होय, तीच आधी लिहायला हवी होती, कारण आता मला तुमच्या संघाची भीती वाटते. ज्याला पुढच्या वर्षी नोकरीवर असण्याची खात्री नाही, त्याच्या लेखी 2027 ची पहिली फेरी फुकटची असते, कारण ती वापरणारा माणूस दुसराच कोणी असणार. मालकांनी ड्राफ्टपूर्वी एक तर जनरल मॅनेजरचा करार वाढवावा, नाही तर त्यांना बदलावे. निर्णय अधांतरी ठेवून त्यांच्याच हातून भविष्यातल्या निवडी विकू देऊ नयेत.

तिसरा_डाउन_सात_यार्ड यांच्या बफेलोच्या उदाहरणापुढे मी माघार घेतो. तुमच्याकडे दोन चांगले टॅकल असतील, तर अकराव्यावरून सहाव्या-सातव्या क्रमांकापर्यंत दुसऱ्या फेरीच्या निवडी देऊन जाता येईल आणि पहिली फेरी वाचेल. तिथे ज्याच्यावर प्रशिक्षकांचा मनापासून विश्वास आहे असा मुलगा उरला नसेल, तर अकराव्यावर दुसरा रिसीव्हर घ्या आणि डार्नोल्डसारखा कोणी मिळतो का ते पाहा.

तिसरा_डाउन_सात_यार्ड:

सहमत, फक्त एक दुरुस्ती. टॅकल देऊन वर चढू नका. बफेलोने ग्लेनला दिले, तेव्हा डियॉन डॉकिन्स त्याच्या जागेवर आधीच खेळू लागला होता. तुमच्याकडे तसा तिसरा टॅकल आहे का?

अकरावा_क्रमांक:

नाही. म्हणजे दुसऱ्या फेरीच्या निवडीच मोजाव्या लागतील, आणि त्यातली या वर्षीची आम्ही गेल्याच हंगामात एका पास रशरसाठी, म्हणजे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर चाल करणाऱ्या बचावपटूसाठी, देऊन बसलो आहोत.